टेल गनरची मेडलं – शौर्याची नोंद की हुद्द्याची?

धुकटवाट
नमस्कार मंडळी. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश बॉम्बर विमानांवरच्या गनर लोकांना मिळालेली आणि न मिळालेली मेडलं यावर बरेच दिवस वाचतोय आणि एक प्रश्न काही केल्या डोक्यातून जात नाही, म्हणून धागा काढतोय.

लँकेस्टर विमानात सात जण असायचे. त्यात दोन गनर, एक विमानाच्या पाठीवरच्या टरेटमध्ये (गन बसवलेल्या फिरत्या घुमटीत) आणि एक पार शेपटीत. शेपटीतल्याला टेल गनर किंवा रिअर गनर म्हणायचे. १२ जून १९४४ च्या रात्री कॅनडाच्या ४१९ स्क्वाड्रनचं एक लँकेस्टर फ्रान्समधल्या काँब्रेच्या रेल्वे यार्डावर निघालं होतं. वाटेत जर्मन यूंकर्स ८८ या लढाऊ विमानाने गाठलं, डावीकडची दोन्ही इंजिनं गेली, आग लागली, कॅप्टनने उड्या मारायला सांगितलं. पाठीवरच्या टरेटमधला अँड्र्यू मिनार्स्की खाली उतरून दाराशी आला तर त्याला दिसलं की शेपटीतला पॅट ब्रोफी अडकलाय. टरेट फिरवणारं हायड्रॉलिक गेलेलं आणि हाताने फिरवायचा दांडाही तुटलेला. मिनार्स्की आगीतून त्याच्याकडे गेला, कुऱ्हाडीने आणि मग नुसत्या हाताने टरेट उघडायचा प्रयत्न केला, कमरेपर्यंतचे कपडे पेटले. ब्रोफीनेच त्याला हातवारे करून जा म्हणून सांगितलं. तेव्हा तो मागे सरकत दारापर्यंत गेला, ताठ उभा राहिला, ब्रोफीला सॅल्यूट केला आणि उडी मारली. पॅराशूटही पेटलेलं होतं. खाली फ्रेंच लोकांना सापडला पण भाजल्यामुळे गेला.

आणि ब्रोफी, जो नक्की मरणार होता, तो विमान आपटल्यावर बाहेर फेकला गेला आणि वाचला! त्याच्यामुळेच ही गोष्ट जगाला कळली आणि ऑक्टोबर १९४६ मध्ये मिनार्स्कीला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, जाहीर झाला.

आता माझा प्रश्न. ब्रोफी मेला असता तर? शौर्य तेच, पण मेडल शून्य. अशा किती विमानांत असं काय काय घडलं असेल जे सांगायला कोणी उरलं नाही. बॉम्बर कमांडचे (ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर विभागाचे) साधारण सव्वा लाख एअरक्रू आणि त्यातले ५५,५७३ मेले. माझं स्पष्ट मत असं की गनरच्या छातीवरची मेडलं बघून त्याचा हुद्दा कळतो, तो कुठल्या तारखेला उडाला ते कळतं, साक्षीदार होता की नाही तेही कळतं, पण तो किती शूर होता ते कळत नाही. तुम्हाला काय वाटतं? आणि कोणाच्या घरी त्या काळातली मेडलं असतील तर नक्की लिहा.

रानजाई
बाप रे. सॅल्यूटचं वाचून काटा आला अंगावर. हे माहीतच नव्हतं.

लालडबा
आगीत उभं राहून सॅल्यूट करायचं सुचलं कसं असेल?

धुकटवाट
@लालडबा, त्याला एक पार्श्वभूमी आहे. ब्रोफी ऑफिसर होता आणि मिनार्स्की अगदी शेवटच्या दिवसांपर्यंत नव्हता, पण दोघे जिगरी दोस्त. रात्री आपापल्या राहायच्या जागी जाताना मिनार्स्की त्याला गमतीने सॅल्यूट ठोकायचा आणि 'गुड नाइट सर' म्हणायचा. ब्रोफीने पुढे सांगितलं की त्या रात्रीही त्याचे ओठ तसेच हललेले दिसले, आवाज काही ऐकू येणं शक्यच नव्हतं.

निळा_गणवेश
चांगला विषय. मी हवाई दलातून निवृत्त, जमिनीवरच्या ट्रेडचा, तेव्हा थोडं लिहितो.

आधी हुद्द्याचं. डीएफसी म्हणजे डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस ऑफिसरांना आणि डीएफएम म्हणजे डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग मेडल सार्जंट वगैरे लोकांना. दोन्ही एकाच दिवशी सुरू झाली, ३ जून १९१८. रिबनही जवळजवळ सारखीच, जांभळे-पांढरे तिरपे पट्टे, डीएफएमचे बारीक आणि डीएफसीचे रुंद. दोन्हींच्या वर सार्जंट लोकांसाठी कॉन्स्पिक्युअस गॅलंट्री मेडल (सीजीएम), ते हवाई दलासाठी १९४२ च्या शेवटी आलं आणि अख्ख्या युद्धात शंभरच्या थोडं वर दिलं गेलं. ऑफिसरला त्याच तोडीच्या कामासाठी डीएसओ म्हणजे डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर. धरणं फोडणाऱ्या ६१७ स्क्वाड्रनचं उदाहरण घ्या, मे १९४३. एकाच रात्री, एकाच मोहिमेत ऑफिसर पायलटांना डीएसओ आणि टाउनसेंड आणि ब्राउन हे दोघे फ्लाइट सार्जंट पायलट होते त्यांना सीजीएम.

पण धागाकर्त्याशी पूर्ण सहमत नाही. पुरावा न मागता शौर्यपदक द्यायला लागलं तर त्याची किंमत काय राहील? कमांडिंग ऑफिसरने शिफारस लिहायची, ती वर जायची, वरचे तपासणार. साक्षीदार लागणारच. हा दोष नाही, गरज आहे. व्यवस्था क्रूर वाटते पण तिला दुसरा मार्ग नव्हता.

अवकाळी
काका, साक्षीदाराचं मान्य. पण हुद्द्याचं समर्थन कसं करणार? एकाच विमानात, एकाच आगीत बसलेत सगळे.

निळा_गणवेश
हुद्द्याचं समर्थन करतच नाहीये. ते चूकच होतं आणि ब्रिटिशांनी १९९३ मध्ये डीएफएम बंद करून सगळ्यांना डीएफसी केलं. आपण मात्र २६ जानेवारी १९५० लाच परमवीर, महावीर, वीरचक्र सगळ्या हुद्द्यांना सारखं ठेवलं. त्याचा मला फार अभिमान आहे.

खारे_दाणे
आकडे बघा मंडळी म्हणजे चित्र स्पष्ट होईल. दुसऱ्या महायुद्धात डीएफसी वीस हजारांच्या वर दिले गेले आणि डीएफएम साधारण साडेसहा हजार. आणि एअरक्रूमध्ये संख्या जास्त कोणाची? सार्जंट लोकांची! म्हणजे जे जास्त होते त्यांना एक तृतीयांश.

निळा_गणवेश
यात एक मेख आहे. पुष्कळ सार्जंट टूरच्या (ठरलेल्या मोहिमांच्या पाळीच्या) मध्येच कमिशन घेऊन ऑफिसर व्हायचे, मग त्यांना डीएफसी मिळायचा. २०७ स्क्वाड्रनचा वॉलेस मॅकिंटॉश बघा, स्कॉटलंडचा रिअर गनर. आधी डीएफएम, मग कमिशन, मग डीएफसी आणि त्यावर बार (तेच पदक दुसऱ्यांदा). माणूस तोच, टरेट तसंच, मेडलचं नाव बदललं. म्हणून नुसत्या आकड्यांवरून निष्कर्ष काढू नये.

खारे_दाणे
उलट तुमचं हेच उदाहरण माझी बाजू भक्कम करतंय काका :)

पुणेरी_पाटी
अवांतर आहे पण राहवत नाही. निकोलस अल्केमेडचं कोणी लिहिलं नाही अजून! ११५ स्क्वाड्रनचा रिअर गनर, मार्च १९४४, बर्लिनहून परतताना विमान पेटलं. टेल गनरचं पॅराशूट टरेटमध्ये मावायचं नाही म्हणून मागच्या दाराबाहेर विमानाच्या पोटात ठेवलेलं असायचं. दार उघडून बघतो तर पॅराशूट जळतंय. जळून मरण्यापेक्षा पडून मरू म्हणून १८,००० फुटांवरून तसाच उडी मारली. पाईनच्या झाडांत आणि मग बर्फात पडला आणि पाय मुरगळण्यापलीकडे फारसं काही नाही! जर्मनांना खरं वाटेना, त्याला हेर समजले. मग विमानाचे अवशेष तपासले, त्यात जळक्या पॅराशूटचे भाग सापडले तेव्हा विश्वास बसला आणि त्यांनी त्याला तसं लिहून दिलं.

आपल्याकडे असता तर तलाठ्याने विचारलं असतं, पडल्याचा दाखला आणलाय का आणि झाडाचा सातबारा कुठाय.

लालडबा
हाहाहा सातबारा!

मधली_सुट्टी
पाटीबुवा दंडवत. पण बघा, याबद्दल त्याला मेडल नाही मिळालं, आणि मिळूही नये. वाचणं हे शौर्य नाही. मेडलं कशासाठी असतात हा प्रश्न यातूनच स्पष्ट होतो.

मला गनरच्या कामाबद्दल लिहायचंय कारण लोकांना वाटतं गनर म्हणजे धडाधड गोळ्या मारणारा. बॉम्बरच्या गनरचं खरं काम डोळ्यांचं. उणे ४० पर्यंत जाणारी थंडी, अंगात विजेवर गरम होणारा सूट, आणि बऱ्याच टरेटांची समोरची पारदर्शक काच कापूनच टाकलेली कारण काचेवरचा एक डाग रात्री विमानासारखा दिसतो. अशा उघड्या खिडकीत आठ-आठ तास अंधाराकडे बघत बसायचं. चार ब्राउनिंग मशीनगन असल्या तरी ०.३०३ इंचाच्या, म्हणजे पायदळाच्या रायफलीचीच गोळी, आणि समोर २० मिलिमीटरच्या तोफा असलेलं नाइट फायटर. त्यामुळे आधी दिसणं महत्त्वाचं. दिसलं की ओरडायचं 'कॉर्कस्क्रू पोर्ट गो' आणि पायलट विमान स्क्रूसारखं फिरवत खाली घालायचा. अख्खी टूर, म्हणजे ३० मोहिमा, पूर्ण करून एकदाही गोळी न झाडलेले गनर होते आणि त्यांच्या क्रूच्या दृष्टीने तेच सर्वोत्तम गनर.

आता सांगा, न झाडलेल्या गोळीला मेडल कसं द्यायचं? डीएफएम दोन तऱ्हेने मिळायचं, एक विशिष्ट घटनेबद्दल लगेच, आणि दुसरं टूर संपताना एकूण कामगिरीबद्दल. दुसऱ्या प्रकाराला काही लोक कमी लेखतात. मला तेच जास्त मोलाचं वाटतं. एका रात्रीचं धाडस मोठंच, पण तीसदा परत त्याच टरेटमध्ये जाऊन बसणं ही गोष्ट वेगळी आहे, आणि ती कोणाला दिसत नाही. १९४३ च्या उत्तरार्धापासून तर जर्मन विमानं खालून येऊन वरच्या दिशेने रोखलेल्या तोफांनी मारायची, टेल गनरला दिसायचीच नाहीत. तरी जायचे.

रानजाई
@मधली_सुट्टी, प्रतिसाद फार आवडला.

पण मला एक विचारायचंय आणि कोणी रागावू नका. या विमानांनी हॅम्बर्गवर, ड्रेस्डेनवर जे केलं ते विसरून मेडलांची चर्चा करायची का? जुलै १९४३ मध्ये हॅम्बर्गला एका आठवड्यात तीस-चाळीस हजार माणसं मेली, त्यात बायका-मुलं किती. मला मिनार्स्कीबद्दल आदर वाटतो आणि त्याच वेळी खाली जळणाऱ्या घरांचाही विचार येतो.

निळा_गणवेश
रागावायचं काय त्यात, विचारायलाच हवा असा प्रश्न आहे. मिनार्स्कीची मोहीम रेल्वे यार्डावर होती हे आधी नोंदवतो, नॉर्मंडीच्या उतरणीनंतर सहा दिवसांनी, जर्मन कुमक अडवायला. पण बाकीचे जण शहरांवर जात होते हे खरंच. सुक्याबरोबर ओलंही जळतं असं म्हणून मी ते झटकणार नाही, कारण तिथे ओलं जळावं असाच बेत होता. तो बेत लंडनमध्ये मोठ्या टेबलावर ठरला, वीस-बावीस वर्षांच्या सार्जंटने नाही.

खारे_दाणे
आणि गंमत बघा, बेत ठरवणाऱ्यांनीच नंतर हात झटकले. १३ मे १९४५ च्या विजयाच्या भाषणात चर्चिलने बॉम्बर कमांडचा जेमतेम उल्लेख केला. वेगळं मोहीम मेडलही काढलं नाही. लंडनच्या ग्रीन पार्कमधलं स्मारक उघडलं २८ जून २०१२ ला, आणि २०१३ मध्ये 'बॉम्बर कमांड' लिहिलेली एक छोटी पट्टी दिली, १९३९-४५ स्टारच्या रिबनवर लावायला. तोपर्यंत बहुतेक जण गेलेले. माझ्या मते हे अन्यायाचंच आहे. शहरं जाळली ही चूक असेल तर ती देशाने घ्यावी, गनरच्या रिबनवर काढू नये.

रानजाई
हे पटलं, निदान अर्धं. उरलेलं अर्धं मला अजून पटवून घ्यायचंय.

सह्यभ्रमर
धाग्याचा काश्मीर व्हायच्या आत मूळ विषयाकडे येतो :)

साक्षीदार आणि पुरावा यावर काकांचं म्हणणं वाचलं. एक उदाहरण देतो जिथे पुरावा होता, घटना सगळ्यांनी मान्य केली होती, तरी गनर सुटला. १२ मे १९४०, बेल्जियममध्ये आल्बर्ट कालव्यावरचे पूल. जर्मन सैन्य त्यावरून आत घुसत होतं. १२ स्क्वाड्रनची पाच फेअरी बॅटल विमानं पाठवली, स्वयंसेवक मागितले तर सगळ्यांनीच हात वर केले म्हणे. पुढच्या विमानात तिघे होते. पायलट गारलँड, ऑब्झर्व्हर सार्जंट टॉमस ग्रे आणि मागे वायरलेस ऑपरेटर-गनर लॉरेन्स रेनॉल्ड्स, वय २०, हुद्दा लीडिंग एअरक्राफ्ट्समन. तोफांच्या माऱ्यात घुसून पुलाला धक्का दिला आणि तिघेही मेले.

गारलँडला व्हिक्टोरिया क्रॉस. ग्रेला व्हिक्टोरिया क्रॉस. रेनॉल्ड्सला काही नाही.

कारण असं दिलं जातं की निर्णय घेणं त्याच्या हातात नव्हतं. अरे पण मागे तोंड करून गन घेऊन बसला होताच ना तो? पळून जायची सोय त्याला तरी कुठे होती? आणि खालचं मेडल देऊन भरपाई करावी म्हटलं तर तेही शक्य नव्हतं, कारण त्या काळच्या नियमाने शत्रूसमोरच्या शौर्यासाठी मरणोत्तर फक्त दोनच गोष्टी देता यायच्या, एक व्हिक्टोरिया क्रॉस आणि दुसरं डिस्पॅचमध्ये (वरिष्ठांच्या अधिकृत अहवालात) नावाचा उल्लेख. डीएफएम, डीएफसी मेलेल्या माणसाला नाही. हा नियम १९७९ पर्यंत होता.

अवकाळी
हे वाचून सुन्न झाले. एकाच विमानातले तिघे.

निळा_गणवेश
सह्यभ्रमर, रेनॉल्ड्सच्या बाबतीत माझ्याकडे उत्तर नाही. तिथे पुरावा कमी पडला असं म्हणताच येत नाही. एक लक्षात घ्या की १९४० च्या त्या महिन्यापर्यंत गनर हे बरेचसे जमिनीवरचे मेकॅनिक किंवा वायरलेसवालेच असायचे, उडण्याचं काम वरकड. १९३९ पर्यंत तर त्यांना बाहीवर पंख असलेल्या गोळीचा पितळी बिल्ला असायचा. मे १९४० च्या शेवटी ठरलं की एअरक्रूमध्ये किमान हुद्दा सार्जंटचा. म्हणजे रेनॉल्ड्स मेला त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत. वरच्यांच्या नजरेत तेव्हा गनर हा पुरता वैमानिक वर्गातलाच नव्हता, हे त्यामागचं खरं कारण असावं असं मला वाटतं.

कोकणकडा_७
मरणोत्तरच्या नियमावरून आमच्या माणगावचे यशवंत घाडगे आठवले. मराठा लाइट इन्फंट्री, इटली, १० जुलै १९४४, एकट्याने मशीनगनची जागा घेतली आणि तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावला पुतळा आहे. आज कळलं की त्यांना व्हीसी दिला नसता तर नियमाने उल्लेखाशिवाय दुसरं काही देताच आलं नसतं. पायदळातही हाच नियम होता ना?

सह्यभ्रमर
हो, तिन्ही दलांना तोच.

धुकटवाट
भारतीय माणसं बॉम्बर कमांडमध्ये होती का असं एकाने व्यनि (खाजगी निरोप) करून विचारलंय. होती. लंडनच्या हेंडनच्या हवाई संग्रहालयात 'एस फॉर शुगर' नावाचं लँकेस्टर ठेवलंय, १३७ मोहिमा केलेलं. त्यातून शैलेंद्र एकनाथ सुखटणकर नॅव्हिगेटर म्हणून उडाले होते, त्यांना डीएफसी मिळाला. गनर नव्हते, पण त्यांचं जिवंत परत येणं मागच्या दोन गनरांवरच होतं.

अवकाळी
आता मी लिहिते. धागा वाचून आईला फोन केला. आमच्या घरी पत्र्याच्या डब्यात आजोबांची (आईच्या वडिलांची) मेडलं आहेत. ते भारतीय हवाई दलात गनर होते, व्हल्टी व्हेन्जन्स विमानावर, ब्रह्मदेशच्या आघाडीला. ते कधीच काही बोलले नाहीत. दोन ताऱ्यांसारखी आहेत आणि दोन गोल. एका ताऱ्याच्या रिबनला गडद निळा, लाल, फिका निळा असे तीन सारखे पट्टे. दुसऱ्याला मध्ये रुंद लाल आणि बाजूला निळा, केशरी. गोलांपैकी एक लाल-पांढरं-निळं, एक नुसतं निळं-फिकं निळं. शौर्याचं यात काही आहे का?

निळा_गणवेश
ताई, पहिला १९३९-४५ स्टार, त्याचे तीन रंग आरमार, पायदळ, हवाई दल. दुसरा बर्मा स्टार. गोल लाल-पांढरं-निळं म्हणजे वॉर मेडल आणि शेवटचं इंडिया सर्व्हिस मेडल, ते भारतीय सैन्यातल्या लोकांना तीन वर्षांच्या सेवेबद्दल. चारही सेवेची आहेत, शौर्याचं नाही.

पण व्हेन्जन्स म्हणजे काय ते समजून घ्या. आपल्या ७ आणि ८ नंबर स्क्वाड्रनकडे होती, १९४३-४४ मध्ये. डाइव्ह बॉम्बर, दोनच माणसं. जवळजवळ नव्वद अंशात नाक खाली करून सूर मारायचा. पायलटला निदान जमीन समोर येताना दिसते. गनर मागे तोंड करून बसलेला, त्याला फक्त आभाळ दूर जाताना दिसतं आणि पायलट विमान वेळेत वर घेईल यावर भरवसा ठेवायचा. नंतर स्क्वाड्रनना स्पिटफायर आणि हरिकेन मिळाली, ती एकाच माणसाची, त्यामुळे गनर लोकांना तिथे जागाच उरली नाही. त्यांची आठवण पुसट होण्याचं तेही एक कारण.

अवकाळी
काका, खूप खूप आभार. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली बाबा पाळण्यात बसायचे नाहीत कधी, जत्रेत आम्हाला बसवून खाली उभे राहायचे.

खारे_दाणे
मी थोडाफार संग्राहक आहे म्हणून एक सांगतो. ब्रिटिश लोकांना दिलेल्या ताऱ्यांवर मागे नाव नसतं, कोरं. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेने मात्र नावं घातली. डीएफसीवर नुसतं वर्ष कोरलेलं असतं. आणि डीएफएमच्या कडेवर मात्र नंबर, हुद्दा, नाव सगळं. म्हणजे खालच्या हुद्द्याच्याच मेडलवर माणसाचं नाव. बाजारात एअर क्रू युरोप स्टारच्या नकला खूप आहेत कारण तो फक्त ५ जून १९४४ पर्यंत युरोपवर उडालेल्यांना, त्यानंतर सुरू केलं त्याला फ्रान्स अँड जर्मनी स्टार. एक दिवस इकडे तिकडे झाला की तारा बदलला. दोन्हीला पात्र असला तरी दोन्ही घालायचे नाहीत, एकावर पट्टी.

मधली_सुट्टी
धागाकर्त्याचं 'तारीख कळते' म्हणणं इथे सिद्ध झालं :)

धुकटवाट
माझं मत आता असं. साक्षीदाराबद्दल काका म्हणतात ते मी मान्य करतो, शौर्यपदकाला पुरावा हवाच. पण मरणोत्तर डीएफएम न देण्याचा नियम हा पुराव्याचा प्रश्न नव्हता, तो निव्वळ नियम होता आणि त्याचा सगळ्यात मोठा फटका ज्यांच्यात मरण सगळ्यात जास्त त्या बॉम्बरवाल्यांना बसला. मेडल हवं असेल तर जगून परत या, असा त्याचा अर्थ होतो. म्हणून मला वाटतं सेवेच्या ताऱ्यांना 'नुसती सेवेची' म्हणायचं आपण बंद करावं. अवकाळी यांच्या आजोबांच्या डब्यात शौर्याचं मेडल नाही, याचा अर्थ इतकाच की त्याबद्दल कोणी शिफारस लिहिली नाही.

निळा_गणवेश
हे मला मान्य. माझा विरोध मागे.

पुणेरी_पाटी
काकांनी विरोध मागे घेतला! धागा संग्रहणीय.

अवकाळी
आजोबांची आणखी माहिती कुठे शोधू?

सह्यभ्रमर
आधी घरात फ्लाइंग लॉगबुक आहे का बघा, निळ्या-काळ्या बांधणीची वही असते. प्रत्येक उड्डाणाची तारीख, विमानाचा नंबर, पायलटचं नाव सगळं असतं. शौर्याचं काही असेल तर लंडन गॅझेटमध्ये (ब्रिटिश सरकारच्या राजपत्रात) छापलेलं असणारच, ते नेटवर शोधता येतं. ज्यांचे आजोबा रॉयल एअर फोर्समध्ये होते आणि मेडलं कधी मागवलीच नाहीत त्यांनी ब्रिटनच्या संरक्षण खात्याच्या मेडल ऑफिसला लिहावं, वारसांना अजून देतात. तुमचे आजोबा भारतीय हवाई दलातले, तेव्हा त्यांचं रेकॉर्ड इथेच शोधावं लागेल. स्क्वाड्रन ७ की ८ ते आईंना आठवतंय का? तिथून सुरुवात करू.

खारे_दाणे
आणि ताई, एक कळकळीची विनंती. मेडलं ब्रासो लावून घासू नका, कोरीव काम झिजतं. जुनी रिबन विरली असली तरी फेकू नका, नवीन लावायची तर जुनी पाकिटात घालून त्याच डब्यात ठेवा. आणि ताऱ्यांची मागची बाजू भिंगातून बघून फोटो टाका इथे, नाव किंवा नंबर कोरलेला असेल तर शोध निम्मा सोपा होईल.

अवकाळी
८ असावं म्हणतेय आई. रविवारी जातेय तिच्याकडे, फोटो टाकते.